कोण जागं आहे?

कोजागरीची रात्र होती. ९ ऑक्टोबर २०२२. आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षीप्रमाणे सतरंज्या अंथरल्या होत्या. मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. आई बदाम-चारोळीच्या वाटीवर पहारा देत होती, कारण लहान मुलं येता-जाता मुठी भरत होती. धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन पुण्याहून आला होता. सगळे गाण्याच्या भेंड्यांत रमले होते आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून, मोबाइलच्या उजेडात कागद चाळत बसले होते.

दुसऱ्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन होता. त्या दिवशी केंद्र सरकारची 'टेली-मानस' नावाची दूरध्वनी सेवा सुरू व्हायची होती. मन हरलेल्या माणसाने फोन करावा आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस असावा, अशी ती योजना. संपादकांनी माझ्याकडून सहाशे शब्द मागितले होते. वर बजावलं होतं, "फार जड करू नकोस. घरात वाचलं जातं."

भाऊ दुधाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसला. "कसलं लिहितेस?" म्हणून त्याने कागद ओढला. मी सांगितलं आणि सांगता सांगता सहज म्हणाले, "मला एक कळत नाही. अशा नंबरवर फोन करतं तरी कोण? अनोळखी माणसाशी काय बोलणार? आपली माणसं नसतात का?"

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी केला होता."

मग थोडा थांबून म्हणाला, "आधी तुला केला होता."

गोष्ट २०११ची. तो चेन्नईला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. बाबांनी बँकेतून कर्ज काढून त्याला पाठवलं होतं. बारावीपर्यंत पहिल्या पाचांत येणारा मुलगा तिथे तीन विषयांत अडकला. आपल्याकडे त्याला केटी म्हणतात, तिकडे अरिअर. शब्द कुठलाही असो, घरी सांगायची हिंमत त्याला झाली नव्हती. भाषा येत नव्हती, खोलीतला सोबती सुट्टीसाठी गावी गेला होता आणि मेसमध्ये आपल्याकडेच सगळे बघतात असं त्याला वाटायला लागलं होतं.

त्या रात्रीचा त्याचा फोन मला आठवला. खरं सांगायचं तर आठवला म्हणण्यापेक्षा शोधून काढावा लागला. पत्रकारितेची पदविका घेऊन मी नुकतीच नोकरीला लागले होते. अंक बंद व्हायची रात्र होती. टेबलावर पानं पसरलेली, एका हातात लाल पेन, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला.

"ताई, कामात आहेस का?"

"हो रे. बोल पटकन."

"काही नाही. जेवलीस का?"

"कसलं जेवण! पान जायचंय. उद्या बोलू?"

"हो. उद्या."

इतकंच. तो उद्या आलाच नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी विसरले. दिवाळीला तो घरी आला तेव्हा थोडा वाळला होता. आईने हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवली आणि चकलीची परात पुढे केली. विषय संपला.

त्या रात्री त्याच्या मनात काय होतं ते त्याने मला गच्चीवर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. पण पुढचं लिहिते. मेसच्या बाकावर सकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात एका विद्यार्थ्याची वाईट बातमी होती आणि तिच्याखाली चार ओळींची चौकट. 'तुम्ही निराश असाल तर या क्रमांकावर बोला.' क्रमांक चेन्नईतल्याच एका संस्थेचा होता. त्याने तो दोनदा फिरवला आणि दोन्ही वेळा पलीकडून आवाज येताच ठेवून दिला. नंबरावरून पोलीस शोधत येतील, अशी भीती त्याला वाटत होती. तिसऱ्यांदा ठेवला नाही, पण बोललाही नाही. पलीकडच्या वयस्कर आवाजाने म्हटलं, "बोलायची घाई नाही. मी आहे."

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"फार काही म्हणाला नाही. मीच बोलत होतो. तुटक्या इंग्रजीत. मध्येच मराठीत रडलो. त्याला काय कळलं देव जाणे. शेवटी त्याने विचारलं, 'साप्टिया?' म्हणजे जेवलास का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आधी काहीतरी खाऊन घे आणि वाटलं तर पुन्हा फोन कर, रात्रभर कोणी ना कोणी असतं. मी खाली जाऊन टपरीवर दोन बन खाल्ले."

खाली आई हाक मारत होती, दूध थंड होतंय म्हणून. भावाने पेला उचलला आणि भेंड्यांच्या घोळक्यात जाऊन बसला. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगून त्याचं ओझं उतरलं होतं. माझ्यावर ते आता चढलं होतं.

वाचकहो, एक कबुली इथेच देते. त्या काळात कार्यालयात पानं लावताना जाहिरात ऐनवेळी आली की जागा करावी लागायची. मग कुठलं तरी काहीतरी कापायचं. अशा बातमीखालची मदतीच्या क्रमांकाची चौकट मी कितीतरी वेळा पहिली कापलेली आहे. 'हे कोण वाचतं?' असं म्हणून. चेन्नईच्या त्या वर्तमानपत्रात त्या दिवशी माझ्यासारखी कोणी उपसंपादक नव्हती, हे माझ्या घराचं नशीब.

ते सहाशे शब्द मी दिले, पण त्यानंतर हा विषय मला सोडेना. हे फोन सुरू कुणी केले, कसे वाढले, हे मी शोधत गेले. मूळ सापडलं ते लंडनमध्ये आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१९३५ साली चॅड वारा नावाच्या एका तरुण ख्रिस्ती धर्मोपदेशकाला एका मुलीचा दफनविधी करावा लागला. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. तिला पहिली पाळी आली होती. ती काय असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग झाला, असं समजून तिने जीव दिला. विचारायला एक माणूस मिळालं असतं तर ती जगली असती, हे वारांच्या मनातून गेलं नाही. अठरा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी एक फोन ठेवला आणि संकटात सापडलेल्या माणसांनी त्यावर बोलावं असं जाहीर केलं. पुढे वर्तमानपत्रांनी या कामाला 'समॅरिटन्स' हे नाव दिलं आणि तेच रूढ झालं.

पण खरी गंमत पुढे आहे. फोन करून लोक प्रत्यक्ष भेटायलाही येऊ लागले. वारा एकटे, रांग मोठी. मग ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला काही साधी माणसं मदतीला आली. थोड्याच दिवसांत वारांच्या लक्षात आलं की चहा पिता पिता या माणसांशी मन मोकळं केलं की अनेकांना आत येऊन पाद्रीबुवांना भेटायची गरजच उरत नाही! फेब्रुवारी १९५४मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम रीतसर या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. जगभर पसरलेल्या या चळवळीचा पाया असा एका चहाच्या कपावर उभा आहे. पदवी नाही, उपदेश नाही. समोर बसून ऐकणारं माणूस, बस्स.

आपल्याकडे चाळीत हे काम कोण करायचं? नळावरच्या बायका. जिन्यात बसणाऱ्या आजी. कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालं हे त्यांना न सांगता कळायचं आणि सकाळी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने कुणीतरी डोकावून जायचं. त्यात चोंबडेपणाही होता, हे खरं. सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचायची. म्हणूनच ज्याला खरोखर लाज वाटावी असं काही घडलं असेल, तो तिथेही गप्पच राहायचा. फोनवरच्या अनोळखी माणसाचं महत्त्व इथे आहे. तो आपला कुणी नाही, म्हणून त्याला सांगता येतं. उद्या लग्नकार्यात तो समोर भेटणार नसतो.

भारतात या कामाला आकार देणाऱ्यांमध्ये चेन्नईच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांचं नाव मोठं आहे. १९८६ साली त्यांनी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. तिथेही फोन घेतात ते स्वयंसेवक. पण ही संस्था फोन उचलण्यावर थांबली नाही. दरवर्षी निकालाच्या दिवसांत मुलं खचतात हे दिसल्यावर, नापास झालेल्यांना वर्ष वाया न घालवता लगेच पुन्हा परीक्षा देता यावी, असा आग्रह तिने धरला आणि तामिळनाडूत तशी सोय झाली. आपल्या महाराष्ट्रातही २०१५पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली. फोनवर ऐकलेलं दुःख नीट मोजलं, तर त्यातून नियमही बदलतात, तो असा.

मुंबईत १९९६मध्ये आणखी एक फोन वाजू लागला. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचा रस्त्यावर आणि स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांशी संबंध होता. अडचणीत सापडलं की ही मुलं रात्री-अपरात्री त्यांच्या घरी फोन करायची. एका घरातला फोन किती मुलांना पुरणार? त्यातून 'चाइल्डलाइन' उभी राहिली. क्रमांक १०९८. दस, नौ, आठ! अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पाठ व्हावा असा. बूथवरून फुकट लागणारा. मुंबईत सुरू झालेला हा प्रयोग देशभर पसरला. २०२३पासून तो सरकारी यंत्रणेकडे गेला, पण क्रमांक तोच राहिला.

१९९८मध्ये नवी मुंबईत 'आसरा' आली, पुण्यात 'कनेक्टिंग' उभी राहिली, २०१२मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' सुरू झाली. काही ठिकाणी फक्त ऐकणारे स्वयंसेवक असतात, काही ठिकाणी मानसशास्त्र शिकलेले समुपदेशक. दोन्हींची गरज आहे. ऐकणारा रात्र पार करून देतो. समुपदेशक पुढचे महिने. आणि औषधाची गरज असेल तर डॉक्टरला पर्याय नाही.

भावाला वाटलेली पोलिसांची भीतीही उगाच नव्हती. त्या काळी भारतीय दंडसंहितेच्या ३०९ कलमाखाली जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता. ज्याला आधार हवा त्याला आरोपी करणारा तो कायदा. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८मध्ये लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं, त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असं त्यात म्हटलं. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ते जुनं कलमच गेलं. सरकारी अधिकाऱ्याला कामात अडवण्यासाठी कुणी असा प्रयत्न केला तर तेवढा गुन्हा राहिला आहे. मनातलं बोलण्यासाठी फोन करणाऱ्याला तर कधीच घाबरायचं कारण नव्हतं. आता ते निमित्तही उरलेलं नाही.

आकडे सांगायला नको वाटतात, पण एक-दोन सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी स्वतःहून जीवन संपवलं. त्यात महाराष्ट्र सगळ्यात पुढे होता, २२,७४६. जवळपास तिघांपैकी एकाच्या बाबतीत नोंदवलेलं कारण होतं, कौटुंबिक समस्या. आणि दर दहांमधले सात पुरुष होते. 'मुलगा असून रडतोस काय?' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आमच्या घरात ते मी स्वतः भावाला लहानपणी शेकडो वेळा ऐकवलं आहे.

२०२३च्या उन्हाळ्यात मी मुंबईतल्या एका मदत-फोनच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. लेखासाठी नव्हे. कदाचित प्रायश्चित्त म्हणून. मला वाटलं, मी पत्रकार, ऐकणं हा तर माझा धंदाच आहे. पहिल्याच शनिवारी तो भ्रम गेला.

खोटा फोन करून सराव घेतात. एका बाई पलीकडच्या खोलीतून फोन करतात, तुम्ही उचलायचा. त्या म्हणाल्या, "माझी सून माझ्याशी बोलत नाही. मला आता जगावंसं वाटत नाही." मी लगेच सुरू झाले. मुलाशी बोलून पाहा. भजनी मंडळात जा. सकाळी फिरायला जा. मन रमवा. आठ मिनिटांनी शिकवणाऱ्या ताईंनी थांबवलं. त्यांनी कागदावर रेघा मारल्या होत्या. अकरा सल्ले!

"तुम्ही त्यांना एकदाही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या, "की जगावंसं वाटत नाही म्हणजे नेमकं काय वाटतं?"

"असं कसं विचारायचं? नसलेला विचार डोक्यात यायचा!"

हा आपल्या सगळ्यांचाच गैरसमज. या विषयातले जाणकार सांगतात की सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला सुटल्यासारखं वाटतं, कारण इतके दिवस तो शब्द तो एकटाच वाहत असतो. विचारायचं, उत्तर ऐकायचं, दचकायचं नाही. 'तुझ्याकडे काय कमी आहे?' म्हणायचं नाही. 'आईवडिलांचा विचार कर' म्हणून लाजवायचं नाही. फोन गप्प असेल तर आपणही गप्प राहायचं, पण तिथेच आहोत एवढं कळू द्यायचं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि आपली पाळी संपल्यावर आपल्या मनावरचं ओझं सहकाऱ्यापाशी उतरवूनच घरी जायचं.

प्रशिक्षण मी पुरं केलं. शेवटी ताईंनी प्रेमाने सांगितलं, "तुम्ही अजून फार लवकर उत्तर देता. सहा महिन्यांनी पुन्हा या." मला निवडलं नाही! घरी येताना लोकलमध्ये मी ठाण्यापर्यंत रडले. नंतर वाटलं, बरोबर केलं त्यांनी. जिथे एका वाक्यावर माणूस अडून असतं, तिथे हौस चालत नाही.

या फोनांना मर्यादा आहेत, हेही प्रशिक्षणात कळलं. कधी क्रमांक लागत नाही, कधी उचलला जात नाही. स्वयंसेवक कमी पडतात. फोन ठेवल्यावर माणूस त्याच घरात, त्याच कर्जात, त्याच नवऱ्यापाशी परत जातो. पण टेली-मानसच्या क्रमांकावर सुरुवातीच्या तीनच वर्षांत २० लाखांहून अधिक फोन आले. म्हणजे 'अशा नंबरवर फोन करतं तरी कोण?' या माझ्या प्रश्नाला लोकांनीच उत्तर दिलं आहे.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले नाही. नोकरीच्या वेळा जुळल्या नाहीत, हे खरं. धीर झाला नाही, हेही खरं. पण दोन गोष्टी बदलल्या. एक, माझ्या टेबलावरून ती चौकट आता कापली जात नाही. जाहिरात आली तर माझ्या लेखाच्या ओळी कापते. आणि दुसरी परवाचीच.

अंक बंद व्हायची रात्र होती. पावणेदहाला आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती एकटी असते.

"कामात आहेस का गं?"

तोंडावर 'हो' आलं होतं. मी पेन खाली ठेवलं, बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि म्हटलं, "नाही. बोल."

"काही नाही. सहज केला."

पूर्वी मी म्हटलं असतं, मग उद्या बोलू. या वेळी मी गप्प राहिले. बराच वेळ पलीकडे फक्त पंख्याचा आवाज. मग आई म्हणाली, "आज त्यांचा चष्मा सापडला कपाटात." आणि बोलत राहिली. मी सल्ला दिला नाही. भजनी मंडळाचं नावही काढलं नाही. चाळीस मिनिटांनी तीच म्हणाली, "चल, तुझं काम असेल. जेवलीस का?"

पान वीस मिनिटं उशिरा गेलं. संपादकांची बोलणी खाल्ली. खाल्ली, पचली.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी दारोदार फिरते आणि विचारते, को जागर्ति? कोण जागं आहे? लहानपणी मला वाटायचं, जो जागा असेल त्याला ती पैसे देते. आता वाटतं, ती कदाचित स्वतःसाठी विचारत नसेल. कुठल्यातरी हॉस्टेलच्या खोलीत, कुठल्यातरी स्वयंपाकघरात दिवा मालवून बसलेल्या कुणासाठी तरी विचारत असेल.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. हे तीन आकडे फ्रिजवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. तुम्हाला लागणार नाहीत कदाचित. पण तुमच्या घरात कोण मेसच्या बाकावर बसून तो कागद शोधत आहे, हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. मला नव्हतं.